पेटीवर लिहिलेले वॅट

४ फेब्रुवारी

धाकटे साडू यांस,

सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. नमस्कार करतो, प्रेमाचं आठ-पंधरा दिवसांनी बघू.

फोनवर बोलायचं नाही हा सासूबाईंचा हुकूम. आपण दोघं तिसऱ्या वाक्याला आवाज चढवतो म्हणून त्यांनी बजावलंय, "जावईबापूंनो, भांडायचं तर कागदावर भांडा, निदान अक्षर तरी सुधारेल." तेव्हा लिहितो. अक्षर सुधारलेलं नाही.

आमची ही काल माहेरून परत आली. चपला काढायच्या आत म्हणाली, "आईच्या खोलीमागे सामानाची खोली आहे ना, तिथे भट्टी पेटवल्यासारखं गरम होतं आणि पंखे ओरडत असतात." मला वाटलं धाकटीने शिवणकाम वाढवलं. तर नाही! तुम्ही म्हणे तिथे संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांच्या तीन रिगा, म्हणजे चौकटी, उभ्या केल्यात, त्या चोवीस तास आकडेमोड करतात आणि त्या बदल्यात इंटरनेटवरचं नाणं पडतं. पडो बिचारं. नाण्यातलं मला कळत नाही आणि माझं त्यावाचून अडलेलंही नाही. कारखान्यात रंग घोटायचं सोडून हे डोहाळे तुम्हाला का लागले, तेही तुमचं तुम्ही जाणा.

पण ती पुढचं वाक्य बोलली आणि मी कागद-पेन शोधायला उठलो. त्या रिगा आणि सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन एकाच लाइनवर आहे. खरं आहे का हे? अहो, त्या बाई दिवसातले अठरा तास त्या नळीवर जगतात! अक्कल नावाची वस्तू घरात शिल्लक आहे का, की तीही विकून कार्डं आणली? घरजावई झालात ते झालात, निदान ज्या घरात राहता ते पेटवू तरी नका.

मी बावीस वर्षं पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. भिंतीतली वीज कार्डांना पचेल अशी करून देणारी पेटी, ती. जळलेल्या पेट्या माझ्याकडे पोत्याने येतात, आणि प्रत्येक पोत्यामागे एक माणूस असतो जो म्हणतो, "काल तर नीट चालत होती." तुम्ही कुठल्या पेट्या आणल्यात? त्यांवर किती वॅट लिहिलंय? एकेका रिगेत कार्डं किती? आणि एक पेटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तिचं वजन कळवा. हसू नका, खरंच ठेवा.

उत्तर लगेच पाठवा. सासूबाईंना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. तुम्हाला काय द्यायचं ते उत्तर वाचून ठरवतो.

थोरला

*

११ फेब्रुवारी

थोरले साडू यांस नमस्कार.

पत्र पोचलं. आईंनी मोठ्याने वाचायला सांगितलं म्हणून वाचत होतो, 'अक्कल' आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, पुढचं मनात वाचा."

घरजावई म्हणालात. म्हणा. मशीनची जाळी दर आठवड्याला धुऊन वाळवतो ती मी. आईंची नळी रात्री दुमडली तर उठतो तो मी. तुम्ही वर्षातून दोनदा पेढ्यांच्या खोक्यासारखं तोंड करून येता, मशीनकडे बघता, "ठीक आहे" म्हणता आणि जाता. तेव्हा त्या बाईंची काळजी कोणाला आहे हे निदान मला शिकवू नका.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो, कारण आईंनी सांगितलंय. तीन रिगा आहेत, प्रत्येकीत सहा कार्डं. एक कार्ड एकशे साठ वॅट खातं. पेट्या तीन, प्रत्येकीवर अठराशे वॅट लिहिलंय, 'मायनिंगसाठी खास', तेही सोनेरी अक्षरांत. धाकटी म्हणाली, "माझ्या भाजीच्या काट्यावर लोखंड ठेवू नका," तरी ठेवलं. एक किलो नऊशे ग्रॅम. पॉवर सप्लाय काय किलोवर विकतात का?

लाइन एकच आहे हे खरं, पण त्याची काळजी आम्ही घेतली आहे. सुरुवातीला ओझं वाढलं की एमसीबी सारखी पडायची. तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने सोळा अँपिअरची काढून बत्तीसची बसवून दिली. तेव्हापासून एकदाही पडलेली नाही. प्रश्न मिटला.

तुम्ही एकदा येऊन वायरी बघायला हव्यात. प्रत्येक पेटीतून निघणाऱ्या वायरी मी दोन दिवस खपून ओढल्यात. वर निळं आवरण, वीत-वीत अंतरावर पट्टी, कुठेही गुंता नाही. धाकटी म्हणाली, "माझी वेणी जन्मात इतकी सरळ आली नाही." कारखान्यातही माझ्या हाताखालचे लोक माझी मांडणी बघायला यायचे.

कारखान्याचं ठीक आहे. त्याबद्दल वेगळं काही नाही.

सगळं आधी तुम्हाला विचारून केलं असतं. पण तुम्हाला एकदा विचारून बघितलं होतं. असो.

धाकटा

*

१५ फेब्रुवारी

धाकटे साडू,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा आमच्या हिने हातातून काढून घेतलं, म्हणाली, "तुमचं तोंड लाल झालंय."

एमसीबी पडत होती म्हणून मोठी बसवली! म्हणजे कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधलं आणि वर सांगता, आता चोर येत नाहीत! भिंतीतली तार तीच आहे, आपल्या सासऱ्यांच्या वेळची, सोळाच्या बेताची. आता तिच्यातून वीस-बावीस अँपिअर गेले तरी एमसीबी ढिम्म बसून राहणार. आधी तार तापेल, मग भिंत तापेल, मग सासूबाईंच्या डोक्यामागचा प्लग वितळेल. त्या वायरमनला माझ्यासमोर उभा करा, मी त्याला बत्तीसची एमसीबी गिळायला लावतो.

आणि एक किलो नऊशे! हो, किलोवरच विकतात. तांबं आणि अॅल्युमिनियम हवेतून तयार होत नाही. सोळाशे वॅट खरोखर देणारी पेटी तीन किलोच्या घरात जाते. तुमच्यासारखीच एक सोनेरी माझ्याकडे आली होती. उघडली तर आत दोन भाग बसवायच्या जागा रिकाम्या, आणि बाकीचे भाग उपाशी. सोनेरी शाई मात्र अस्सल.

आता हिशेब ऐका. सहा कार्डं, एकशे साठच्या दराने नऊशे साठ. बोर्ड, पंखे, किरकोळ धरून अकराशे. पण ही पेटी घटकाभर नाही, चोवीस तास राबणार. चोवीस तास राबणाऱ्याच्या डोक्यावर कधी पूर्ण ओझं देऊ नये. शंभरातले ऐंशी द्यावेत. म्हणजे चौदाशेची हवी, आणि खरी चौदाशेची. हे तुम्हाला दुकानदाराने सांगितलं नाही, कारण त्याला विकायचं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला सगळं येतं.

तेव्हा हे करा. सोनेरी पेट्या आजच्या आज बंद. बत्तीसची एमसीबी काढून सोळाची परत. रिगांसाठी मीटरपासून वेगळी लाइन, तिचा वेगळा खटका. सासूबाईंच्या लाइनवर सासूबाईंचं मशीन आणि दिवा, बाकी माशीसुद्धा बसता कामा नये. ही लाइन झाल्याशिवाय एकही कार्ड चालू केलंत तर मी स्वतः येऊन ते तुमच्या निळ्या वायरींसकट विहिरीत टाकीन.

मी सोळाशेच्या दोन पेट्या वाहतुकीने पाठवल्या आहेत. माझ्या स्वतःच्या, दुकानातल्या. प्रत्येक तीन-तीन तास पूर्ण ओझ्यावर चालवून बघितली आहे. प्रत्येकीच्या वायरी तिलाच सुतळीने बांधून, दोन्हींवर एकच क्रमांक टाकून दिल्यात. दोन रिगा त्यावर चालतील. तिसरी शांत राहू द्या, शांत राहणं तिच्याकडून शिका.

बाकी प्लग लावायचं काम उरतं. ते शेंबडं पोरही करतं. त्यासाठी मला पत्र खर्चायला लावू नका.

थोरला

*

२६ फेब्रुवारी

थोरले साडू यांस नमस्कार.

पेट्या आल्या. दोन्ही एकाच हातात उचलल्या. वजनाचं तुमचं म्हणणं पटलं, म्हणजे मनगटाला पटलं. पेट्यांबद्दल आभार. रागाबद्दल नाही.

तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं झालंय. सोळाची एमसीबी परत बसली. मीटरपासून वेगळी लाइन ओढून घेतली, तिला वेगळा खटका दिला. आईंच्या लाइनवर आता फक्त आई. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "टेलिफोनसारखी माझी स्वतंत्र लाइन झाली म्हणायची, नंबर काय माझा?" त्या आज बऱ्या आहेत. सकाळी अर्धा तास नळीशिवाय खिडकीत बसल्या होत्या.

पेट्या बदलायचं काम सोपं निघालं. मी ओढलेल्या वायरी हलवाव्या लागल्या नाहीत, पेटीकडचे प्लग तुमच्या पेट्यांत अगदी बेमालूम बसले. म्हणून तुमच्या वायरींच्या सुतळ्या सोडल्याच नाहीत, जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कोणी येणार असेल त्याच्या हाती परत पाठवतो. परवा सकाळी चालू करतो.

बघा, शेंबड्या पोराला जमलं.

धाकटा

*

३ मार्च

धाकटे साडू,

तुमचं सव्वीसचं पत्र मला अठ्ठावीसला दुपारी एक वाजता मिळालं. उभ्या उभ्या वाचत होतो. 'बेमालूम बसले' इथे आलो आणि हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. सासूबाईंचा हुकूम मोडून फोन लावला. तुम्ही उचलला नाही. धाकटीला लावला. तिने हॉस्पिटलातून उचलला.

आता तुम्हीच मला सांगा, मी काय लिहू?

कार्डाकडचं टोक जगात सगळीकडे सारखं असतं. पेटीकडचं नसतं. प्लग तोच, खाच तीच, पण आत बारा व्होल्टची तार कुठे आणि परतीची कुठे हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. एकीच्या वायरी दुसरीला लावल्या की जिथे वीज यायची तिथून जाते आणि जिथून जायची तिथून येते. माझ्या दुकानात पेटी दारातून आत आली की पाण्याचा पेला द्यायच्या आधी तिच्या वायरी तिला सुतळीने बांधतात. पेटीचं आणि वायरींचं लग्न लागलेलं असतं, दुकानात काडीमोड चालत नाही. म्हणून सुतळी होती! म्हणून क्रमांक होता! तुम्ही म्हणता सुतळी सोडली नाही, जशीच्या तशी ठेवली! अहो, सुतळीची पूजा करायला पाठवली होती का?

आणि दुसरं. पेटी जळो, कार्ड जळो, लाइन वेगळी होती ना? मग मशीन बंद कसं पडलं? धाकटी रडत होती, तिला नीट सांगता आलं नाही. म्हणाली, "त्यांनीच खटका पाडला." कुठला खटका? काय घडलं ते पहिल्यापासून लिहा. एक अक्षर लपवलंत तर साडूपणा संपला असं समजा.

सासूबाई कशा आहेत ते सगळ्यात वर लिहा.

थोरला

*

६ मार्च

आई घरी आल्या. काल संध्याकाळी. बोलतात, चिडतात, चहा गरम मागतात. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

थोरले साडू, आता पहिल्यापासून लिहितो.

वेगळी लाइन ओढली नव्हती. मी खोटं लिहिलं. वायरमनने पुढच्या आठवड्याचा दिवस दिला होता आणि मला तेवढं थांबायचं नव्हतं. का थांबायचं नव्हतं तेही लिहितो. कारखाना नोव्हेंबरातच बंद झाला. एकवीस वर्षं मी तिथे रंगाच्या छटा जुळवल्या. फाटकावर नोटीस लागली ती कुठल्या छटेच्या कागदावर होती हेसुद्धा मी सांगू शकेन. निघताना जे हातात आलं त्याच्या रिगा घेतल्या. धाकटीशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला तर मुळीच सांगायचं नव्हतं.

अठ्ठावीसला सकाळी अकरा वाजता पहिली रिग चालू केली. धाकटी बाहेर गेली होती. पंखे फिरले, चार-पाच सेकंद सगळं छान. मग तिसऱ्या कार्डापाशी टक् असा आवाज आला आणि निळ्या आवरणातून धूर निघाला. मी धावलो आणि खटका पाडला. मागच्या खोल्यांना एकच खटका आहे, कारण दुसरा मी बसवलाच नव्हता. त्याच हाताने आईंचं मशीन मी बंद केलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. पण तुम्ही एक अक्षर लपवू नका म्हणालात.

वीज गेली की त्यांचं मशीन शिट्टी देतं. ती शिट्टी मला ऐकू येत होती. मला वाटलं रिगेतलंच काहीतरी वाजतंय. भिंतीवर ठकठक ऐकू आली, मला वाटलं शेजारी कोणी खिळा ठोकतंय. मी एक एक कार्ड काढत होतो. धूर लागू नये म्हणून. पुसून, कापडात गुंडाळून, खोक्यात ठेवत होतो. सहाही काढली. मग आत गेलो.

आईंच्या ओठांना जो रंग आला होता तो मी कारखान्यात एकदा बनवला होता. त्याला नावही दिलं होतं. ते मी कोणाला सांगणार नाही.

राखीव सिलिंडर दाराआडच होता, त्याची चावी त्यांच्या हाताला फिरली नव्हती. मी फिरवली. त्या श्वास घेत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. 

तुम्ही मला काय म्हणाल ते माझं स्वतःला म्हणून झालंय. पण आता माझाही राग ऐका, कारण तोही खरा आहे. पेटी घ्यायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. आईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाच्या जेवणाला, पंगतीत तुमच्या शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "पेटीवर लिहिलेले वॅट आणि खरे मिळणारे वॅट एकच असतात का?" तुम्ही घास थांबवलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जावईबापू, लग्नपत्रिकेवर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं एकच होतं का?" सगळे हसले. माझी बायको हसली. नोकरी जाऊन मला नऊ दिवस झाले होते. त्यानंतर मी तुम्हाला काहीही विचारलं नसतं. वायरींचं तर नाहीच. शेंबडं पोर कोण म्हणवून घेईल?

धाकटा

*

९ मार्च

दोन्ही जावयांस,

एकच मजकूर दोन कागदांवर लिहिते आहे, म्हणजे कोणाला जास्त बोलणी बसली यावरून भांडण नको. पडूनच लिहिते आहे, अक्षर लावून वाचा. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राहिलेच तर.

तुमची सगळी पत्रं मी मागून घेतली आणि वाचली. आधी हॉस्पिटलात, मग घरी अंथरुणात, मला दुसरं काम नव्हतं. काय पण पत्रं! एकाला वाटतं जगात अक्कल वाटली तेव्हा रांगेत तो एकटाच होता. दुसऱ्याला वाटतं विचारलं की नाक कापलं जातं. तुम्हा दोघांना मुली दिल्या तेव्हा मी काय बघत होते कोण जाणे.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसले. समोर शेकड्यांनी भोकं, सगळी एका मापाची. दोरीचा प्लग कुठल्याही भोकात बेमालूम बसायचा. जातो म्हणून लावायचा नसतो, भोकामागे कोणाचं घर आहे ते बघून लावायचा असतो. हे मला पहिल्या दिवशी मुख्य बाईंनी शिकवलं. मी बावळटासारखे प्रश्न विचारले, त्या रागावल्या, पण उत्तर दिल्याशिवाय एकदाही उठल्या नाहीत. थोरल्यांनो, रागाला माझी ना नाही. तुम्ही राग दिलात आणि उत्तर घरी ठेवून घेतलंत.

धाकट्यांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्या जिवावर लिहिलंत. माझी लाइन वेगळी झाली म्हणून मी नंबर विचारला, तुम्ही हसून "एक" म्हणालात. तो 'एक' मी विसरणार नाही. नोकरी गेली हे मला सांगितलं असतंत तर मी काय हाकलून दिलं असतं? सहा कार्डं कापडात गुंडाळलीत. मी भिंतीवर पेला आपटत होते आणि घड्याळ बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. आठ मिनिटं झाली. इतकी वर्षं हवा फुकट घेतली, त्या दिवशी मोजून घेतली. त्यात मला मरायची भीती कमी आणि संताप जास्त होता. मनात म्हणत होते, हे दोन शहाणे आता माझ्या प्रेतापुढे उभे राहून वॅटवर भांडतील.

आता तिसरी शहाणी, मी. ती सुतळी बांधलेली गुंडाळी मी पाहिली होती. चिठ्ठीवरचा क्रमांकही वाचला होता. मला कळलं होतं की हे कोणीतरी मुद्दाम बांधलंय. धाकट्यांना म्हटलं, "हे लावायचं नाही का?" ते म्हणाले, "आई, गरज नाही." मी गप्प बसले, कारण म्हटलं, जावयाला किती टोकायचं. आणि पंच्याहत्तरीच्या जेवणाला त्या विनोदावर मीही हसले होते. सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.

तेव्हा आता माझं ऐका. तिन्ही रिगा माझ्या घरातून निघतील आणि थोरल्यांच्या दुकानाच्या माळ्यावर जातील. धाकटे तिथे रोज पहिल्या एसटीने जातील, त्यांना तिथे काम शिकवायचं, आणि मांडणीत हात चांगला आहे त्यांचा, तो वापरून घ्यायचा. दोघांनाही हे आवडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते आहे.

आणि एक प्रश्न त्या जेवणापासून तसाच पडलाय. धाकट्यांनी तो परत विचारायचा, त्याच शब्दांत. थोरल्यांनी उत्तर द्यायचं, विनोद न करता. दोन्ही पत्रं आधी माझ्या हाती पडतील.

आशीर्वाद राहिले आहेत थोडे. घ्या.

सासूबाई

*

१२ मार्च

थोरले साडू यांस नमस्कार.

आईंच्या सांगण्यावरून विचारतो. पेटीवर लिहिलेले वॅट आणि खरे मिळणारे वॅट एकच असतात का?

हसू आलं तर हसा, पण उत्तर लिहा.

धाकटा

*

१६ मार्च

धाकटे साडू यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिली तीन फाडली, तिन्हींत एकेक विनोद शिरला होता. खोड जात नाही. आमच्या हिने ते तुकडे जोडून वाचले आणि चौथा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

माळा रिकामा केलाय. रिगांसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढली आहे, तुम्ही येऊन डोळ्यांनी बघा, माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नका. तुमची जळकी वायर येताना घेऊन या, निळ्या आवरणासकट. कामाच्या टेबलासमोर टांगणार आहे. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. ती सहा कार्डं आठवली की आजही हातातलं काहीतरी आपटावंसं वाटतं. पण आपटायला उचललं की मला ती पंगत दिसते. घास थांबवून मी सगळ्यांकडे बघतोय, कोण कोण हसलं ते मोजतोय, आणि माझ्या शेजारी एक माणूस ताटाकडे बघत भात कालवतोय. बावीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न गिऱ्हाइकाने कधी विचारला नव्हता. तुम्ही विचारलात, पेटी घ्यायच्या आधी विचारलात, आणि मला टाळ्या हव्या होत्या.

प्रश्न असा होता: पेटीवर लिहिलेले वॅट आणि खरे मिळणारे वॅट एकच असतात का?

नसतात.

एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी. तोंडात घास होता तरी म्हणता आलं असतं.

तुमचा,
थोरला